सरस्वतीच्या वीणेची काळी तार

परवा घाटकोपरहून मामीचा फोन आला. त्यांची चाळ एकदाची पाडायची ठरली, महिन्याभरात सगळ्यांना खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. माळ्यावरचं सामान काढताना आजीची सरस्वती सापडली होती. तुला हवी असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल, असं मामी म्हणाली. मी मुलुंडहून पुढच्याच गाडीनं निघाले.

मैत्रिणींनो, ही सरस्वती तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या ओळखीची असणार. नदीकाठच्या खडकावर बसलेली, पांढऱ्या साडीतली, मांडीवर वीणा, मागच्या दोन हातांत पोथी आणि जपमाळ, शेजारी मोर. राजा रविवर्म्याची. कुणाच्या देवघरात असेल, कुणाच्या शाळेच्या हॉलमध्ये असेल, कुणाच्या आत्याकडे काच तडकलेली असेल. पण आमच्या आजीची सरस्वती जरा निराळी होती. तिच्या साडीला खरे जरीचे काठ होते. आजीनं जुन्या शालूचा काठ उसवून, त्याचे बारीक तुकडे करून, चित्रातल्या निऱ्यांबरहुकूम कागदावर टाकले होते. गळ्यात खरे मोती, मुकुटाला टिकल्या, मोराच्या पिसाऱ्यावर हिरवे-निळे मणी. आणि वीणेवर जरीच्या चार तारा.

त्यातली एक तार मी तोडली होती. पाच-सहा वर्षांची असेन. दसऱ्याला पाटीपूजनासाठी तसबीर खाली उतरवलेली, काच पुसायला काढलेली. वीणा वाजते का ते बघायला मी बोट घातलं. आजी रागावली नाही. घरात तेव्हा जर नव्हती, म्हणून तिनं मशीनच्या डब्यातला काळा दोरा घेतला आणि ती तार पुन्हा ओढली. तेव्हापासून आमच्या सरस्वतीच्या वीणेला तीन सोनेरी तारा आणि एक काळी.

तसबीर घेऊन मी आमच्या नाक्यावरच्या फ्रेमवाल्याकडे गेले. चांगला जाणता माणूस आहे. त्यानं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, ताई, छापील चित्र जुनं आहे, अस्सल आहे. हे वरचं शिवणकाम काढून टाकू, भोकं बुजवू, मग बघा कसं ‘ओरिजिनल’ दिसतं. तसं केलंत तर घेणारेही मिळतील. मी विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले. त्या रात्री काही झोप लागेना. ओरिजिनल म्हणजे नक्की कुणाचं? हे कळून घ्यायला मग मी रविवर्म्याचं आयुष्यच वाचायला घेतलं. त्यातलं मला जे भावलं ते आज तुमच्याशी बोलते.

रविवर्मा जन्मले 29 एप्रिल 1848 रोजी, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरला. तिकडे मातृसत्ताक पद्धत. मुलं आईच्या घरची, नाव आईच्या घराण्याचं, आणि घरातला कर्ता पुरुष म्हणजे मामा. आई उमा अंबाबाई स्वतः कविता करायच्या. वडील संस्कृतचे पंडित. लहानपणी हा मुलगा कोळशानं भिंती रंगवायचा. आपल्याकडे अशा मुलाला काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मामा, राजा राजा वर्मा, स्वतः चित्रं काढणारे. त्यांनी भिंत पाहिली आणि पोराला रंग आणून दिले. धाकटी बहीण मंगलाबाई हीसुद्धा उत्तम चित्रकार होती. तिनं काढलेलं रविवर्म्यांचं व्यक्तिचित्र आजही आहे. त्या घरात गाणं, कथकली, काव्य यांचं वातावरण होतं. असं माहेर असलं तर मंगलाबाईंसारखी मुलगी चित्रकार होते, एरवी कितीजणी होत असतील कोण जाणे.

चौदाव्या वर्षी, 1862 मध्ये, मामानं त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याकडे नेलं. महाराजांना मुलगा आवडला, राजवाड्याजवळ राहायची सोय झाली. पण शिकायचं कुणाकडे? तैलरंग तेव्हा नवीन होते. दरबारातले चित्रकार रामस्वामी नायकर यांना ते जमत, पण ते काही शिकवेनात. हातातली विद्या दुसऱ्याला दिली की आपलं महत्त्व जातं, हे भय तेव्हाही होतंच. त्यांच्या एका शिष्यानं म्हणे लपूनछपून चार गोष्टी सांगितल्या. पुढे 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा परदेशी चित्रकार दरबारात आला. त्यानंही शिकवायला नकार दिला, फक्त काम चालू असताना बघत बसायला परवानगी दिली. एवढं बसणं या मुलाला पुरलं. सासूच्या स्वयंपाकाकडे नुसतं बघून पदार्थ शिकलेल्या बायका असतात ना, तसंच. माप कुणी सांगत नाही, हात बघून घ्यायचा.

1866 मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांचं लग्न झालं. मावेलिक्करा घराण्यातली भागीरथीबाई तेव्हा बारा वर्षांची. तिथल्या रीतीप्रमाणे बायको आपल्या माहेरीच राहायची, नवरा येऊन-जाऊन. दोन मुलगे आणि तीन मुली झाल्या. 1873 मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात रविवर्म्यांना गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं. चित्र होतं केसांत मोगऱ्याची माळ घालणाऱ्या एका नायर स्त्रीचं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. मग मागण्या येऊ लागल्या, संस्थानिकांची बोलावणी येऊ लागली आणि घरी येणं-जाणं कमी होत गेलं. भागीरथीबाई 1891 मध्ये गेल्या. रविवर्म्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. ते त्यांचं मोठेपण म्हणून सांगतात. असेल. पण ज्या माणसानं दमयंतीची हुरहूर, शकुंतलेचं मागे वळून बघणं इतकं नेमकं टिपलं, त्याच्या स्वतःच्या घरी वाट बघणारी बाई कशी दिसत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पाच मुलांचं सगळं तिनंच तर केलं.

आता आपल्याकडची गोष्ट. 1881 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या राज्याधिकारग्रहणाच्या वेळी रविवर्मा बडोद्याला आले. पुढे 1888 मध्ये महाराजांनी त्यांना रामायण-महाभारत आणि पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रं सांगितली. काम हातात घेण्याआधी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राजा वर्मा उत्तर भारतभर फिरले. प्रश्न मोठा गमतीचा होता. सीता, द्रौपदी, दमयंती नेसायच्या काय? प्रांताप्रांतात नेसणं वेगळं. सगळ्यांना आपली वाटेल अशी देवी कुठली? त्यांच्या बऱ्याच नायिका आणि देवी शेवटी साडीत आल्या. कधी नऊवारीसारखी कासोट्याची, कधी पायघोळ. माझी आजी म्हणायची, देवीनं कासोटा घातलाय म्हणजे ती आपल्यातलीच. त्या साडीमागे एका मल्याळी माणसाची एवढी पायपीट आहे हे तिला माहीत नव्हतं. नळ-दमयंती, शंतनू अशी ती चित्रं लोकांना बघायला खुली झाली तेव्हा बघ्यांची रीघ लागली. आज ती बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत.

गाण्याचं त्यांना वेड होतं असं म्हटलं तर चुकणार नाही. 1889 च्या सुमाराचं त्यांचं एक मोठं चित्र म्हैसूरला आहे. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, जातिधर्मांच्या अकरा बायका एकत्र बसल्यात, कुणाच्या हाती वीणा, कुणी नुसती ऐकतेय. प्रत्येकीचं नेसणं, दागिने, बसणं निराळं. पण चित्र बघताना मला जाणवलं की एकजणही हसत नाही. मैफल जमलीय आणि सगळ्या आपापल्या विचारात. मुंबईत त्यांनी गाणाऱ्या स्त्रियांना समोर बसवून चित्रं काढली. त्यांत भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका अंजनीबाई मालपेकर यांचं नाव घेतात. मूळच्या गोव्याच्या, नजीर खाँसाहेबांच्या शिष्या. पुढे 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. ज्या बायकांना सभ्य घरांत पाय ठेवता येत नव्हता, त्यांचे चेहरे देवी होऊन त्याच घरांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसले. ही गोष्ट आमच्या सोवळ्यातल्या पणजीला कळली असती तर तिनं काय केलं असतं, देव जाणे.

राजेरजवाड्यांच्या भिंतींवरची चित्रं आपल्या घरी आली ती छापखान्यामुळे. त्रावणकोर-बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना आधीच सुचवलं होतं की मागणी इतकी आहे, तुम्ही एकटे किती रंगवणार, चित्रं परदेशी पाठवून छापून घ्या. रविवर्म्यांनी पुढे छापखानाच काढला. 1894 मध्ये. आणि कुठे काढला असेल? आमच्या घाटकोपरला! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चहा करायला उठले.

कारण लहानपणी चाळीच्या गॅलरीत बसून आजी आम्हाला त्या चित्रातला देखावा दाखवायची. सरस्वतीच्या मागे दूरवर जे डोंगर आहेत ना, ते आपलेच, घाटकोपरचे, असं सांगायची. तेव्हा गॅलरीतून खरोखर डोंगर दिसायचा. पावसाळ्यात हिरवागार, एप्रिलमध्ये जळल्यासारखा. दुसऱ्या बाजूला खाडीकडे मिठागरं. मिठाचे पांढरे ढीग उन्हात असे चमकायचे की डोळे मिटावे लागायचे. आजी नवी नवरी होऊन आली तेव्हा तर म्हणे स्टेशनपासून घरापर्यंत भातखाचरं होती, रात्री कोल्हे ओरडायचे. आता त्या डोंगरावर झोपड्या चढल्या, मिठागरांच्या बऱ्याच भागावर वसाहती झाल्या आणि 2014 पासून मेट्रो डोक्यावरून जाते. मला तक्रार करायची नाही, मीही त्याच मेट्रोनं अंधेरीला जाते. पण गॅलरीतला डोंगर कधी गेला ते आठवत नाही. एका वर्षी समोर इमारत उभी राहिली आणि आम्ही त्या बाजूला बघणंच सोडलं.

तर छापखाना. त्या काळात घाटकोपर हे मुंबईबाहेरचं खेडं, पण आगगाडीच्या वाटेवरचं. मुंबईचे एक व्यापारी भागीदार झाले, यंत्रं आणि कारागीर जर्मनीतून आले. छपाई शिळाप्रेसची. म्हणजे गुळगुळीत दगडावर चित्र उतरवायचं, दर रंगाला निराळा दगड. पिवळा एक, गुलाबी एक, निळा एक, असे कितीतरी. एकच कागद एकेका दगडाखालून जायचा. एक दगड केसभर हलला की देवीचे ओठ गालावर. शेवटी वरून वार्निशचा हात, म्हणजे तैलचित्रासारखी चमक. पहिल्या छापलेल्या चित्रांत शकुंतलेचा जन्म होता, मग लक्ष्मी, सरस्वती आणि कितीतरी देवदेवता. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू देत नव्हते, त्यांच्याही घरात देव गेला. आणि ज्या बायका देवळात जायला मोकळ्या नव्हत्या, त्यांच्याही चुलीजवळ.

धंदा मात्र रविवर्म्यांना जमला नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली, कामगार मिळेनात. 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथेही कर्ज वाढतच गेलं. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, चित्रांच्या छपाईच्या हक्कांसकट विकून टाकला. श्लायशर यांनी तो चांगला चालवला. आपले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम करत होते. चित्रं दुकानांच्या कॅलेंडरांवर गेली, जाहिरातींवर गेली. 1972 मध्ये छापखान्याला आग लागली आणि मागे राहिलेलं बरंचसं त्यात गेलं.

आता एक नाव जे तसबिरीवर कधीच नसतं. राजा वर्मा, रविवर्म्यांचे धाकटे भाऊ. मामाचंच नाव त्यांना दिलेलं. 1860 चा जन्म, म्हणजे बारा वर्षांनी लहान. दौरे, पत्रव्यवहार, हिशेब, गिऱ्हाइकांची मर्जी, सगळं ते बघायचे. रोजनिशी लिहायचे. आणि निसर्गचित्रात त्यांचा हात रविवर्म्यांपेक्षा सरस होता असं जाणकार सांगतात. देवी रविवर्मा रंगवायचे आणि मागचं पाणी, आभाळ, झाडं, डोंगर पुष्कळदा या भावाच्या ब्रशाचे. म्हणजे आजी आम्हाला जे डोंगर दाखवायची ते बहुधा राजा वर्मांचे. दोघं भाऊ गिरगावात राहत, नाटकं बघत, चित्रं रंगवत, पुन्हा गाडीत बसून दुसऱ्या संस्थानात जात. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या मागे असा एक भाऊ किंवा बायको किंवा बहीण असतेच. त्यांना काय मिळालं हे विचारायची पद्धत नाही.

1904 मध्ये सरकारनं रविवर्म्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. 1905 च्या सुरुवातीला राजा वर्मा गेले, पंचेचाळिशीच्या आतच. त्यानंतर रविवर्मा पहिल्यासारखे राहिले नाहीत. मधुमेहही होता. 2 ऑक्टोबर 1906 रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. नंतरच्या काळात बंगालकडच्या कलावंतांनी त्यांना नावं ठेवली, ही चित्रं विलायती धाटणीची, नाटकी, असं म्हटलं. त्यात थोडं तथ्य असेलही. हातवारे खरंच नाटकातले वाटतात. पण टीका करणाऱ्यांच्या देवी कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या नाहीत. 1979 मध्ये भारत सरकारनं रविवर्म्यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली, ती आता देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यांच्या दोन नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या. त्यातल्या सेतू लक्ष्मीबाईंनी 1924 ते 1931 राज्यकारभार पाहिला. मुलींची वाट अशी पुढे गेली हे वाचून बरं वाटलं. भागीरथीबाईंच्या नाती त्या, असंही म्हणता येईल की.

हे सगळं वाचून झाल्यावर मी परत फ्रेमवाल्याकडे गेले. चित्र मागून उघडून तरी बघू, असं तो म्हणाला. त्यानं खिळे काढले, पुठ्ठा उचलला. पुठ्ठ्याखाली चित्राची खालची कड आत दुमडलेली होती. ती सरळ केली तर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली, छापखान्याचं नाव आणि पुढे कार्ला-लोणावळा. म्हणजे आमची सरस्वती घाटकोपरची नाहीच. मळवलीला हलल्यानंतर छापलेली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. मी आल्या-गेल्याला सांगायचं ठरवून टाकलं होतं ना!

मग त्यानं कागद उलटा केला. मागे चित्र नव्हतं, नुसता पिवळा पडलेला कोरा कागद. आणि त्यावर आजीचे टाके. साडीच्या काठाची एक ओळ, मुकुटाची कमान, मोराचा पिसारा, गळ्याशी गाठी. रंग नाही, चेहरा नाही, डोंगर नाही. दोऱ्यानं काढलेली अख्खी सरस्वती, उजवीची डावी झालेली. टाके इतके सारखे की मशीनचे वाटावेत. फक्त वीणेच्या जागी एक काळा टाका वेडावाकडा, घाईनं घातलेला.

आजी लग्नाआधी पेटी वाजवायची, हे मला मामीनं त्या दिवशी सामान बांधताना सांगितलं. माहेरी शिकायला मास्तर यायचे. लग्नानंतर चाळीतल्या दोन खोल्यांत पेटीला जागा नव्हती, आणि सासऱ्यांना ते आवडायचंही नाही. पेटी माहेरीच राहिली, पुढे विकली गेली. आजी ही सरस्वती शिवत बसायची ती दुपारी, सगळे जेवून झोपल्यावर, आणि तेव्हा अगदी हळू आवाजात गुणगुणायची. ते गुणगुणणं मला आठवतं. चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. ती कधी शब्द म्हणायची की नाही, तेही नक्की सांगता येत नाही.

फ्रेमवाल्याला सांगितलं, काहीही उसवायचं नाही. काळी तारसुद्धा. तो म्हणाला, मग काच चिकटून बसणार नाही, मोत्यांवर टेकेल, खोल पेटीसारखी फ्रेम करावी लागेल, लाकूड जास्त लागेल. करा म्हटलं. पाठीमागे पुठ्ठ्याऐवजी काच लावता येईल का, तेही विचारलं. आधी त्याला कळेचना, देवाच्या फोटोला मागून कोण बघतं? पण लावून दिली. जड झालीय आता, भिंतीवर टांगता येत नाही. दिवाणखान्यात फळीवर उभी केली आहे, एक बाजू खोलीकडे, एक बाजू खिडकीकडे. मामी नव्या जागी राहायला जाण्याआधी आमच्याकडे आली होती. तिनं आधी पुढून नमस्कार केला. मग मागे जाऊन बराच वेळ वाकून बघत राहिली, आणि चष्मा पुसत म्हणाली की हा शालू तिच्या लग्नात आजीनं नेसला होता.